मदत हवी आहे: श्रूजबरी एका दिवसात, बाबांना डार्विनचं गाव दाखवायचंय

केतकी_प
आई-बाबांना इंग्लंडमधल्या श्रूजबरीला न्यायचंय. हातात एकच दिवस आहे. बाबांनी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, डार्विनचं जन्मगाव बघायचं हे इकडे यायच्या आधीच सांगून ठेवलंय. नेटवर सगळीकडे त्याच याद्या. मला फक्त क्रम हवाय: काय आधी, काय नंतर, काय सोडायचं. तिकिटं आज रात्री काढायची आहेत, प्लीज लवकर सांगा.

भटकंती७१
आधी बोट! सेव्हर्न नदीने गावाला जवळजवळ पूर्ण वेढा घातलाय, ते पाण्यातूनच कळतं. मग थेट आयर्नब्रिज गाठा. १७७९ साली उभारलेला लोखंडी पूल आहे, तो न बघता परत येऊ नका.

सेव्हर्नकाठी
कुठून निघणार? कुठल्या महिन्यात? गाडी आहे की ट्रेन? हे कळल्याशिवाय क्रम कसा सांगणार?

केतकी_प
बर्मिंगहॅमहून, ट्रेनने. पुढच्या आठवड्यात. आयर्नब्रिजचं मी विचारलेलं नाही.

सेव्हर्नकाठी
म्हणजे नोव्हेंबर. मग बोट विसरा, हिवाळ्यात बंद असते. साडेचारपर्यंत अंधार पडतो, तेव्हा सकाळी लवकर निघा. न्यू स्ट्रीटहून थेट गाडी आहे, साधारण तास लागतो. निघायच्या आदल्या दिवशी पुराचा इशारा बघा. नदी फुगली की काठचे रस्ते बंद होतात.

खवय्या_कॅम्प
आपल्या पुण्याच्या श्रुसबेरी बिस्किटांचं नाव याच गावावरून आलंय! तिथला जुना श्रूजबरी केक म्हणजे बिस्किटच, पण त्यात शहाजिरं किंवा गुलाबपाणी घालत. पुण्याच्या कयानी बेकरीच्या लोण्याच्या चवीची अपेक्षा ठेवून खाऊ नका. जाताना एक पुडा घेऊन जा, दोन्ही शेजारी ठेवून खाऊन बघा.

मंजिरी_लंडन
गावाचं नाव 'श्रोजबरी' असं म्हणायचं.

सेव्हर्नकाठी
मी इथे अकरा वर्षं राहतोय, माझे शेजारी 'श्रूजबरी'च म्हणतात. गावातच दोन तट आहेत, दोन्ही चालतं.

केतकी_प
उच्चार राहू द्या हो. एक सांगायचं राहिलं, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर चालतात, चढ जमत नाही.

सेव्हर्नकाठी
हे पहिल्यांदाच सांगायला हवं होतं! गाव टेकडीवर आहे. स्टेशनातून बाहेर पडलं की लगेच कॅसल गेट्सचा चढ लागतो. पण बाबांना हवंय ते तिथेच आहे. लाल दगडाचा किल्ला आणि त्याच्यासमोर लायब्ररी. लायब्ररीची इमारत म्हणजेच डार्विनची जुनी शाळा, १८१८ ते १८२५ तो इथे शिकला. दारात त्याचा बसलेला पुतळा आहे. तेवढा चढ हळूहळू, थांबत थांबत चढा आणि सुरुवात इथूनच करा. नंतर टॅक्सीने सेंट चॅड्स. गोल आकाराचं चर्च, १७९२ चं. डार्विनचा बाप्तिस्मा इथेच झाला. बाजूलाच क्वारी बाग आहे, पण ती नदीकडे उतरत जाते, बाबांना वरूनच बघू द्या. द माउंट हे जन्माचं घर वेल्श ब्रिजपलीकडे, फ्रँकवेलच्या चढावर आहे. तिथेही टॅक्सीनेच जा. आत जाता येईल असं धरून चालू नका. पण १२ फेब्रुवारी १८०९ ला तो जिथे जन्मला ती वास्तू बाबांना बाहेरून बघूनही पुरेल असं वाटतं.

कोकणकडा
चौकातल्या रॉबर्ट क्लाइव्हच्या पुतळ्याबद्दल कुणीच कसं बोलत नाही? १७५६ मध्ये विजयदुर्गावर इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनचं आरमार समुद्रातून आलं आणि जमिनीवरची फौज याच क्लाइव्हच्या हाताखाली होती. माझं आजोळ गिर्ये. मला तो पुतळा बघवला नाही.

भटकंती७१
विजयदुर्गाच्या तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी पेशव्यांनीच केली होती, तेही सांगा की.

कोकणकडा
सांगतो ना. आपलंच आरमार आपण बुडवलं, म्हणून तर जास्त लागतं. पुतळा हटवा म्हणून २०२० मध्ये तिथे अर्ज झाले, कौन्सिलने तो ठेवला. केतकीताई, बाबांना हा इतिहास सांगा आणि मग पुतळा दाखवा.

भटकंती७१
त्यापेक्षा वेल्शपूलचा पोविस किल्ला करा. ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत. क्लाइव्हच्या घराण्याने हिंदुस्थानातून नेलेल्या वस्तू तिथे आहेत, टिपूचा तंबूसुद्धा.

सेव्हर्नकाठी
गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस, नोव्हेंबरचा दिवस आणि डोंगरावरचा किल्ला? एका दिवसात दोन गावं करू नका. केतकी, जेवण चौकाजवळ करा, तिथेच १५९६ चं जुनं मार्केट हॉल आहे. बेअर स्टेप्सची लाकडी घरं खालून बघा, पायऱ्या चढू नका. चौकातून टॅक्सी करून स्टेशन.

केतकी_प
लायब्ररी, सेंट चॅड्स, माउंट, मग चौक. लिहून घेतलं. बाबांना आत्ताच वाचून दाखवलं, शाळा स्टेशनाजवळ आहे म्हटल्यावर त्यांनी वही काढली. आठची गाडी धरतेय. टॅक्सी आधी बुक करावी लागते की स्टेशनबाहेर मिळते?

खवय्या_कॅम्प
कयानीचं दुकान दुपारी बंद असतं हं, कुणाला आणायला सांगणार असाल तर सकाळीच जायला सांगा.

सेव्हर्नकाठी
स्टेशनबाहेर उभ्या असतात. पण माउंटहून परतीची मात्र आधी सांगून ठेवा.