मदत हवी आहे: घराच्या पायाच्या खोदकामातून निघणारी पीट माती बागेत कशी वापरू?

नमस्कार मंडळी. आयर्लंडमध्ये मेयो परगण्यात घर बांधतोय. परवानगी मिळाली आहे. प्लॉटवर सव्वा-दीड मीटर पीट आहे, म्हणजे दलदलीत शेवाळ अर्धवट कुजून हजारो वर्षांत साचलेली काळी, स्पंजासारखी माती. भाराखाली ती दबते, त्यामुळे पायाखालून काढावीच लागणार. पण फेकून द्यायला जीव होत नाही. उघडी पडून सुकली की तिच्यातला कार्बन हवेत जातो.

या मातीचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) ४.२ आला, म्हणजे ती बरीच आम्लधर्मी आहे. दोन वाफ्यांत चुना आणि शेणखत मिसळून पाहिलं. बटाटे छान आले, मेथी मात्र पिवळी पडली. सुकलेला ढीग आता पाणीच शोषत नाही, वरून ओघळून जातं.

विकायची नाही, आवारातच वापरायची आहे. खालच्या चिकणमातीत ती किती प्रमाणात मिसळावी, आणि बांधकाम संपेपर्यंत ढीग ओला कसा ठेवावा?