रवा: शिरा, सांजा, लाडू आणि आपापले अनुभव

धागाकर्ती, सदाशिव पेठ:
काल शेजारी सत्यनारायणाच्या प्रसादासाठी रवा भाजला जात होता आणि तुपाचा तो वास जिन्यात येताच आजीचा शिरा आठवला. ती रवा, तूप आणि साखर सव्वाच्या मापाने घेई, मंद आचेवर रवा बदामी होईपर्यंत हलवत राही आणि केळ्याच्या चकत्या त्याच तुपात परतल्यावरच उकळते दूध ओती. प्रत्येक कणाला तूप लागलेले असले की गुठळ्या होत नाहीत, एवढेच त्यामागचे शास्त्र. आपले अनुभव अवश्य लिहावेत.

कोथरूड:
प्रसादाला बारीक रवा आणि तिखट सांज्याला जाड, असे माझे ठाम मत आहे. सासूबाईंचे नेमके उलट आहे. वाद सुरू आहे, कुकरची शिट्टी झाली, उरलेले नंतर लिहिते.

बिबवेवाडी:
मार्केट यार्डातून महिन्याचा रवा एकदम आणणाऱ्यांनी तो कोरडाच भाजून, पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरावा, म्हणजे पावसाळ्यात त्यात जाळी धरत नाही. गरम भरल्यास वाफेने तो दमट होतो.

प्रभात रस्ता:
पाकातल्या लाडवांसाठी पाक एकतारी हवा. त्यात रवा घातल्यावर मिश्रण सैल दिसते आणि नवशिक्या मंडळी घाबरून आणखी रवा घालतात. वास्तविक झाकून ठेवले की रवा पाक शोषून घेतो आणि लाडू सहज वळता येतात. ओला नारळ घातला असेल, तर ते लवकर संपवावेत.

धागाकर्ती:
आमच्याकडे ते दुसरी सकाळ पाहत नाहीत!

औंध:
इडली रवा तांदळाचा असतो, हे माझ्या खोलीतल्या मित्राला कोणी सांगितले नव्हते. त्याने त्याचाच शिरा केला आणि ही नवी खीर आहे, असे सांगून आम्हा सर्वांना वाढला. याउलट रवा इडली मात्र गव्हाच्याच रव्याची, दही घालून करतात.

कसबा पेठ:
आमच्या घरी रवा गोडापेक्षा सुरमईलाच अधिक लागतो. मसाला लावलेली तुकडी बारीक रव्यात घोळवून तव्यावर टाकावी आणि खालची बाजू खरपूस होईपर्यंत मुळीच हलवू नये.

कोथरूड:
पुन्हा आले. इटलीतला सुका पास्ता डुरम गव्हाच्या रव्याचा असतो आणि आपला बन्सी रवाही त्याच जातीच्या गव्हाचा, हे सासूबाईंना सांगितले. त्यावर, “मग तो जाडच घे,” असे उत्तर मिळाले.

प्रभात रस्ता:
साटोऱ्यांसाठी चिरोटी रवा रविवार पेठेत कोठे चांगला मिळतो, हे कोणी सांगू शकेल का?