मदत हवी आहे: आखाजीच्या अहिराणी गाण्यांच्या कॅसेटी संगणकावर घ्यायच्या आहेत

गिरणाकाठ:
चाळीसगाव तालुक्यात भरलेल्या ४२ कॅसेटी हाती आहेत. आखाजीची (अक्षय्य तृतीयेच्या सणाची) झोक्यावरची गाणी, कानबाई या खानदेशी देवीची गाणी, जात्यावरच्या ओव्या. ३६ सी-६० (६० मिनिटांच्या), ६ सी-९० (९० मिनिटांच्या), सगळ्या घरगुती टेपरेकॉर्डरवर भरलेल्या. टू-इन-वनच्या (रेडिओ-टेपच्या) हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपच्या माईकला वायर जोडून ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतलं, तर आवाज गोधडीआडून आल्यासारखा. ५-६ फितींवर पांढरी बुरशी आहे. एका कॅसेटीत बायांचा आवाज शेवटाकडे चिरका होत जातो. पुढे सगळं नेटवर खुलं ठेवायचंय.

तापीखोरं:
बुरशीवाल्या आधी वेगळ्या करा. हेडला (फीत वाचणाऱ्या भागाला) लागलेली बुरशी पुढच्या चांगल्या कॅसेटीत जाते. सिलिका जेलसोबत बंद डब्यात आठवडाभर ठेवा, वाळली की भुकटी होते. मग तोंडाला मास्क लावून, भंगारातल्या डेकवर (कॅसेट वाजवायच्या यंत्रावर) फिरवताना मऊ सुती कापड फितीला हलकं टेकवा. पाणी अजिबात नको.

माईकचं भोक सोडाच. ते बहुधा मोनो (एकाच वाहिनीचं) असतं आणि आवाज फाटतो. चांगल्या डेकच्या लाइन-आउटमधून (आवाज बाहेर देणाऱ्या भोकातून) यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे आवाज संगणकात नेणाऱ्या डबीत, घ्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलपर्यंत. स्टिरिओत तासाला साधारण १ जीबी, म्हणजे तुमच्या ४५ तासांना ४७ जीबी. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, आणि ती वेगळ्या घरात.

दबलेपणाचं दुसरं कारण हेडचा कोन. भरणाऱ्या यंत्राचं हेड तिरकं असेल तर तुमचंही तितकंच तिरकं हवं. आधी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग आवाज मोनो करून, हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत बांगड्यांची किणकिण सर्वांत स्वच्छ येईल तिथे थांबा. हे प्रत्येक कॅसेटीला नव्याने. हेडफोनवरच करा, स्पीकरवर फरक कळत नाही.

चिरक्या कॅसेटीत भरताना सेल उतरत गेलेत. फीत हळू भरली गेली, आता पूर्ण वेगाने वाजते. प्रतीवर वेग आणि पट्टी एकत्र बदलणारा इफेक्ट तुकड्या-तुकड्याने लावा. मूळ फाइलला हात लावू नका, खरखर काढायचीही प्रतीवरच.

सातपुडा_पायथा:
गाणी पारंपरिक आहेत म्हणून सगळं मोकळं, असं नाही. गाणाऱ्या बाईचा सादरीकरणाचा हक्क भारतीय कायद्यात ५० वर्षं टिकतो. तिची किंवा वारसांची लेखी संमती घ्या. विकिमीडिया कॉमन्स या खुल्या फाइलींच्या साइटला व्यापारी वापराचीही मुभा लागते. ती द्यायची नसेल तर इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावर ठेवा.

भाषेच्या रकान्यात नुसतं ‘मराठी’ टाकू नका, अहिराणीचा आंतरराष्ट्रीय भाषा-कोड एएचआर (ahr) आहे. रावेर-यावलकडची लेवा गणबोली वेगळी नोंदवा. शब्द ऐकाल तसे लिहा: ‘डोया’चं ‘डोळा’ करणारे हमखास भेटतात, त्यांना टंकायला बसवू नका. गाव, तालुका, वर्ष आणि प्रसंग फाइलीच्या नावातच घाला.

गिरणाकाठ:
स्क्रू फिरवला, बांगड्या लख्ख ऐकू आल्या! पण एक सी-९० मध्येच अडकतेय.

तापीखोरं:
सी-९० ची फीत पातळ. आधी पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे गुंडाळा. तरी अडकली तर फीत दुसऱ्या कॅसेटीच्या स्क्रूवाल्या चांगल्या खोक्यात हलवा. तुटली तर स्प्लायसिंग टेप (फीत जोडायची खास पट्टी) लावा, सेलोटेप नको. सेलोटेपचा गोंद पाझरून हेडला चिकटतो.