आत्याची पंचाहत्तरी: शनिवारचं जेवण

बंड्या (लंडन): टेबल मिळालं! शनिवार, साडेसहा. नोबू, ओल्ड पार्क लेन. १९९७ पासूनचं आहे हे.

आत्या: जपानी ना ते? कच्चा मासा मी तोंडात घालणार नाही, आत्ताच सांगून ठेवते.

छोटी: आत्या, तुझ्यासारखीच एक बाई नोबू मात्सुहिसाच्या, म्हणजे ज्याच्या नावाचं हे हॉटेल त्या शेफच्या, लॉस एंजेलिसच्या हॉटेलात आली होती. कच्चं नको म्हणून ताटली परत पाठवली. मासा तर कापून झालेला. त्याने ऑलिव्हचं आणि तिळाचं तेल कडकडीत तापवून वरून ओतलं. वरवर शिजला, आत तसाच. बाईंनी सगळा संपवला! साशिमी म्हणजे कच्च्या माशाचे काप, ‘न्यू स्टाइल साशिमी’ ती हीच.

आत्या: म्हणजे फोडणीच दिली की.

बाळूकाका: मोहरी तेवढी राहिली 😄 पण माणूस चिवट हं. तोक्योत सुशी (आंबट भातावर मासा) शिकला, १९७३ला पेरूत लिमाला गेला. तिथे जपानी सामान मिळेना, मग लिंबू-मिरची-कोथिंबिरीवर हात बसला. पुढे अलास्कात हॉटेल काढलं, ते लगेचच जळून खाक. १९८७ला लॉस एंजेलिसजवळ बेव्हर्ली हिल्सला परत उभा राहिला. हॉलिवूडचा नट रॉबर्ट डी नीरो तिथलं गिऱ्हाईक. न्यूयॉर्कला चल म्हणून मागे लागला, हा आधी नाहीच म्हणाला. शेवटी १९९४ला दोघांनी नोबू काढलं.

काकू: कुलाब्याच्या ताजमधलं ते जपानी रेस्टॉरंट, वसाबी, कुणाचं मग?

बाळूकाका: मोरिमोतोचं. तो आधी न्यूयॉर्कच्या नोबूतच मुख्य शेफ होता. २००४ला ताजमध्ये आलं ते.

काकू: अहो, म्हणजे वीस वर्षं आपण समोरून नुसते गेटवेला फोटो काढायला जातोय!

वहिनी: आत्या, तुम्ही मिसोतला ब्लॅक कॉड मासा घ्या. मिसो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. त्यात साके (तांदळाची दारू), मिरिन (तीच, पण गोड), साखर घालून मासा दोन-तीन दिवस मुरवतात, मग भाजतात. नाव कॉड, पण खरं तर तो सेबलफिश. इतका तेलकट की नुसत्या जेवायच्या काडीने पाकळी सुटते.

आत्या: दोन-तीन दिवस? ताजा मिळत नाही का तिथे?

वहिनी: मुरायला हो आत्या 🙈

आत्या: बरं. पण त्या काड्या मला जमायच्या नाहीत.

बंड्या (लंडन): सुशी हाताने खाल्लेली चालते. जपानी लोकही खातात.

आत्या: मग झालं तर. जांभळी नारायणपेठ नेसते.