तालुक्याच्या साप्ताहिकाला देणगी द्यायचीय, कशी देऊ? (सल्ला हवा)

आटपाडीकर
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध आहे. आई म्हणते गावजेवण नको, त्या पैशाचं काहीतरी टिकेल असं कर. बाबा झेडपीच्या शाळेत मास्तर होते आणि तालुक्याच्या साप्ताहिकाचे अगदी पहिल्या अंकापासूनचे वर्गणीदार. ते साप्ताहिक आता बंद पडायच्या बेतात आहे. चार पानी अंक, संपादक, वार्ताहर, शिपाई सगळं एकच माणूस, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत तो आणि त्याची बायको पत्त्याच्या चिठ्ठ्या खळीने चिकटवत बसलेले असतात. पण टेंभू उपसा सिंचन योजनेचं आवर्तन कधी सुटणार, शेवटच्या गावाला पाणी पोचलं का, डाळिंबाच्या विम्याचं काय झालं, बाजार समितीत कोण कुणाला फोडतंय, हे सविस्तर फक्त तिथेच येतं. मोठ्या पेपरात आमच्या तालुक्याच्या वाट्याला तीन ओळी, त्या पण अपघात झाला तर.

पन्नास हजार बाजूला काढलेत. बहीण न्यू जर्सीत असते, तिलाही घालायचेत. थेट संपादकांच्या हातात दिले तर चालतं का, इन्कम टॅक्समधे सवलत मिळायला लागते ती 80जीची पावती मिळते का, आणि हे पैसे सहा महिन्यात छपाईत जिरून जाणार असतील तर दुसरा काही मार्ग आहे का? जाणकारांनी प्लीज सांगा.

चहाबाज
कल्पना आवडली. पण एक विचारतो, राग मानू नका. तालुक्याची निम्मी साप्ताहिकं सरकारी जाहिराती आणि नेत्यांचे वाढदिवस यावरच जगतात. काही तर 'बातमी छापू का' म्हणून दुकानदाराकडे जातात. तुमचं त्यातलं नाही कशावरून?

जुना वार्ताहर
चहाबाज, प्रश्न रास्त आहे, मी त्या धंद्यात केस पांढरे केलेत म्हणून सांगतो. देणगी द्यायच्या आधी गेल्या वर्षभराचे अंक घेऊन बसा. बातमीवर नाव असतं का, ज्याच्या वाढदिवसाची पानभर रंगीत जाहिरात आहे त्याच माणसाच्या विरोधातली बातमी वर्षात एकदा तरी आलीय का, चूक झाली तर खुलासा छापलाय का, एवढं बघा. नोंदणी क्रमांक अंकावर असतोच, पण तो असला म्हणून पेपर चांगला असं काही नाही.

आता पैशाचं. तालुक्याच्या साप्ताहिकाला पैसा येतो तीन वाटांनी, जाहीर नोटिसा नि सरकारी जाहिराती, दिवाळी अंक आणि वाढदिवस, आणि मग चिल्लर वर्गणी. पहिल्या दोन्हींची नाडी कुणाच्या तरी हातात असते. तुम्ही बाजार समितीवर तीन आठवडे सलग लिहिलं की चौथ्या आठवड्यात नोटिसा येणं बंद होतं, कुणी धमकी देत नाही, फोन पण करत नाही, नुसतं बंद होतं. वार्ताहराची तर आणखी वेगळी तऱ्हा. जिल्हा पेपरचा गावोगावचा वार्ताहर बहुतेक ठिकाणी पगारावर नसतोच, त्याने आणलेल्या जाहिरातीच्या कमिशनवर असतो, म्हणजे ज्या सरपंचाकडून जाहिरात आणायची त्याच्याच रस्त्याच्या कामाची बातमी करायची. जमतं का सांगा. सरकारी मान्यतेचं अधिस्वीकृती कार्ड नसलं की सरकारी योजनांचाही फारसा उपयोग नाही. राजापूरला 2023च्या फेब्रुवारीत पत्रकार शशिकांत वारिशे मारले गेले, रिफायनरीच्या बातम्या करत होते, तेव्हा चार दिवस सगळ्यांना तालुक्याचा पत्रकार आठवला.

म्हणून तुमचे पन्नास हजार कुणाची मर्जी न सांभाळता येणार असतील तर त्यांची किंमत पन्नास हजारापेक्षा जास्त आहे.

कोकणकन्या
माझं मत, देणगी नको, वर्गणी भरा. वार्षिक वर्गणी 300 धरली तर पन्नास हजारात 166 वर्गण्या होतात. तालुक्यातल्या शाळा, वाचनालयं, ग्रामपंचायती, सगळीकडे बाबांच्या नावाने अंक जाईल. मास्तरांना याहून चांगलं काय.

जुना वार्ताहर
ताई, ऐकायला छान वाटतं पण हिशोब मांडा. 166 अंक जास्त छापायचे म्हणजे कागद आला, छपाई आली, पोस्ट आलं, संपादकाच्या हातात उरतं किती? आणि ग्रामपंचायतीत अंक घडीसुद्धा न मोडता रद्दीत जातो हे डोळ्याने पाहिलंय. त्यापेक्षा महिना चार हजार पेट्रोल आणि मोबाइल म्हणून एखाद्या होतकरू पोरीला द्या, वर्षाचे 48 हजार होतात. ती आठवड्यातून दोन गावं फिरेल, ग्रामसभेला बसेल. ग्रामसभेला पत्रकार येऊन बसलाय म्हटल्यावर बोलणं बदलतं हो.

सीएकाका
थोडं कायद्याचं बोलतो, कंटाळवाणं आहे पण वाचा. साप्ताहिक संपादकाच्या वैयक्तिक मालकीचं असेल तर 80जीचा प्रश्नच येत नाही, ती सवलत फक्त नोंदणीकृत ट्रस्ट किंवा संस्थेला दिलेल्या देणगीवर. नात्यात नसलेल्या माणसांकडून वर्षात मिळालेल्या भेटी सगळ्या मिळून 50,000च्या वर गेल्या तर पूर्ण रकमेवर टॅक्स लागतो, फक्त वरच्या रकमेवर नाही. म्हणजे तुमचे पन्नास आणि दुसऱ्या कुणाचे पाच झाले की संपादकसाहेब अडकले. बरं, तो धंदाच असल्यामुळे अधिकारी याला भेट न मानता धंद्याचं उत्पन्नही धरू शकतो. त्यामुळे वर्गणी किंवा जाहिरात म्हणून द्या, रीतसर बिल घ्या, त्यांच्या हिशोबात सरळ दिसेल.

ट्रस्टला देत असाल तर 2,000च्या वर रोख देऊ नका, वजावट मिळत नाही. पावतीवर समाधान मानू नका, ट्रस्टकडून देणगीचं सर्टिफिकेट मागा. आणि इन्कम टॅक्सच्या नवीन रेजीममधे असाल तर 80जी विसरा.

अजून एक. 'साप्ताहिकाचाच ट्रस्ट करू' असं कुणीतरी सुचवणारच आता. करा, पण पत्रकारिता म्हणजे धर्मादाय काम हे खात्याला पटवणं सोपं नाही. कायद्याच्या व्याख्येत शिक्षण आहे, वैद्यकीय मदत आहे, योगसुद्धा आहे, पत्रकारिता नावाने कुठे नाही, ती सार्वजनिक हिताच्या मोघम कलमात बसवावी लागते. कर्नाटकातल्या 'द फाइल' या बातम्यांच्या वेबसाइटचा आणि पाठोपाठ जानेवारी 2025मधे 'द रिपोर्टर्स कलेक्टिव्ह' या पत्रकारांच्या संस्थेचा ना-नफा दर्जा असाच काढून घेतला.

न्यूजर्सीवाली
मी बहीण. दादाने लिंक पाठवली म्हणून आले. माझ्याकडे आता इथलं नागरिकत्व आहे, आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड आहे. मी माझे पैसे दादाच्या खात्यात टाकले आणि त्याने दिले तर?

सीएकाका
नका करू ताई. तुम्ही आता विदेशी स्रोत. एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या कलम 3मधे वृत्तपत्राचा संपादक, मालक, वार्ताहर, मुद्रक, प्रकाशक यांना परदेशी देणगी घ्यायला सरळ बंदी आहे, परवानगी काढून वगैरे काही नाही, बंदीच. फिरवून दिली तरी तीच गोष्ट, आणि गोत्यात येणार तो चिठ्ठ्या चिकटवणारा माणूस. तुमचा पासपोर्ट भारतीय असता आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिले असते तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. अंकाची वर्गणी मात्र भरू शकता, ती वस्तूची किंमत झाली, देणगी नाही.

न्यूजर्सीवाली
अच्छा. म्हणजे बाबांच्या पेपरला मी तीनशे रुपये देऊ शकते फक्त 😅

डल्लासकर
तुम्ही तिथल्याच एखाद्या पेपरला द्या की. अमेरिकेत ना-नफा न्यूजरूम भरपूर आहेत आणि टॅक्सची अडचण नाही. वर्षाच्या शेवटी न्यूजमॅच नावाची देणगी मोहीम असते, तुम्ही देता तेवढेच मोठी फाउंडेशन्स घालतात, मर्यादा असते पण असतं. शिवाय तुमच्या न्यू जर्सीत तर 2018च्या कायद्याने स्थानिक बातम्यांसाठी सरकारी पैशातून निधी केलाय, विद्यापीठं मिळून चालवतात. तुमच्या टाउनशिपच्या शाळा बोर्डाच्या मीटिंगला कोण बसतं ते बघा, बहुतेक कुणीच नसेल.

पुस्तकवेडा
80जी हवंच असेल तर पारीला द्या, ग्रामीण भारताच्या बातम्यांची वेबसाइट आहे. पी. साईनाथांनी 2014च्या डिसेंबरात सुरू केलेलं, काउंटरमीडिया ट्रस्ट चालवतो, वाचायला फुकट, मराठीतही येतं, आणि जात्यावरच्या ओव्यांचा खजिना तर बघाच, आमच्या आज्जीसारख्या बायांच्या आवाजात आहे सगळं. बुंदेलखंडात खबर लहरिया आहे, 2002पासून, ग्रामीण बायकांनी चालवलेलं, त्यांची सशुल्क मेंबरशिप घेता येते.

चहाबाज
पारी उत्तमच आहे पण पारीवाला आटपाडीच्या बाजार समितीच्या मीटिंगला थोडाच बसणारे.

माणगंगा
म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे, सामुदायिक रेडिओ, 90.4. आमच्या घरी दिवसभर चालू असतो. तिकडे का नाही देत?

जुना वार्ताहर
रेडिओ चांगलाच आहे, पण आपल्याकडे सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र आहे तसं लावायचं तेवढं. हवामान, पाणी कधी येणार, परीक्षा, अशी माहिती चालते. बाजार समितीत कोण कुणाला फोडतंय ते नाही चालत.

पुस्तकवेडा
अवांतर होईल, पण पेपरला देणगी देणं आपल्याकडे नवीन नाही. 1920च्या जानेवारीत बाबासाहेब आंबेडकरांचं मूकनायक निघालं ते शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजारांवर. पैसे देऊन जाहिरात छापा म्हटलं तर केसरीने नाकारली होती. पुढे बहिष्कृत भारत 1927ला निघालं, बाबासाहेब स्वतः रकानेच्या रकाने लिहायचे, वाचकांना मदतीसाठी विनवलं, तरी दोन-अडीच वर्षांत पैशाअभावी बंद. सुरुवातीला ठोक रक्कम देणारा भेटतो हो, दर महिन्याला देणारे भेटत नाहीत.

कोकणकन्या
+1. म्हणजे आटपाडीकर, एकरकमी देऊ नका. तिमाहीला द्या आणि अजून चारपाच जण जोडा, बाबांचे विद्यार्थी असतीलच की पुण्यामुंबईत.

आटपाडीकर
सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. काल संपादकांशी बोललो. पेट्रोलची कल्पना ऐकून ते आधी गप्पच झाले, मग म्हणाले करगणीची एक मुलगी आहे, बीए झालेली, फुकट लिहून पाठवते. पैसे जाहिरात म्हणून बिलावर, तिमाहीला. दहा वर्गण्या हायस्कूलांना, बाकीचं तिच्या फिरतीला. बाबांच्या वर्गातल्या पोरांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, तिथे टाकतो.

अडचण एकच. माझा चुलतभाऊ पंचायत समितीला उभा राहायचं म्हणतोय. त्याला कळलंय मी पैसे देतोय, परवाच म्हणाला 'आता पेपर आपलाच की'.

जुना वार्ताहर
😂 झालं सुरू. संपादकाला आजच लेखी मेसेज टाका की चुलतभावाबद्दल काहीही छापा, मी फोन करणार नाही. त्याची कॉपी चुलतभावाला. आणि त्या मुलीला तुमचा नंबर देऊ नका.

आटपाडीकर
आईला दाखवलं. ती म्हणाली त्याला मी सांगते, तू मेसेज टाक.