लुईच्या दरबारातला ऑपेरा : इशरवुड की कावर्ट?

उंटावरचा शहाणा (धागाकर्ता)
फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या काळातला ऑपेरा नीट समजून घ्यायचाय. रॉबर्ट इशरवुडचं 'म्युझिक इन द सर्व्हिस ऑफ द किंग' (१९७३) घेऊ की जॉर्जिया कावर्टचं 'द ट्रायम्फ ऑफ प्लेझर' (२००८)? पहिल्यात संगीत हे राजसत्तेचं हत्यार. दुसरीचं म्हणणं, त्याच रंगमंचावरून कलावंतांनी राजाच्या प्रतिमेला हळूच सुरुंग लावला. खिशाला एकच परवडेल. माझा कल कावर्टकडे.

खर्जातला
इशरवुड, डोळे मिटून. सुरुंग लावायला आधी किल्ला दिसायला हवा ना! लुईच्या दरबारातला लुली काय नुसता संगीतकार होता? कवी पेरँ कर्जापायी तुरुंगात, तेव्हा १६७२मध्ये या गड्याने त्याच्याकडून ऑपेराचा परवाना विकत घेतला. पुढच्याच वर्षी फर्मान: इतर नाटकमंडळ्यांनी दोन गायक आणि सहा व्हायोलिनांवर भागवावं. नाटककार मोलिएर गेल्यावर त्याच्या मंडळींना उठवून पाले-रॉयालचं थिएटरही यालाच. हे ठाऊक नसेल तर नांदीतली राजस्तुती नुसती गोड लागते.

तिरकी रेघ
असहमत. फर्मानांवरून राजाला काय हवं होतं ते कळतं, बघणाऱ्यांना काय दिसलं ते नाही. लुलीचाच १६७७चा ऑपेरा 'इझिस' घ्या. गोष्ट देवांची, पण मत्सरी जुनोमध्ये दरबाराला राजाची प्रेयसी माँतेस्पाँ दिसली. शिक्षा कोणाला, तर शब्द लिहिणाऱ्या किनोला. त्याला दरबार बंद. लुली सहीसलामत, अर्थातच!
आणि १६९७? इटालियन नटांना पॅरिसमधून हाकललं, त्याच वर्षी संगीतकार काँप्राचा 'ल्युरोप गालांत' रंगमंचावर आला: फ्रान्स, स्पेन, इटली, तुर्कस्तान, जिथली तिथली प्रेमाची तऱ्हा. काँप्रा नोत्र-दाममध्ये संगीतप्रमुख, म्हणून स्वतःचं नाव झाकून ठेवलेलं. हा धागा कावर्ट थेट वातोच्या चित्रांपर्यंत नेते.

खर्जातला
किनोची हकालपट्टी हा पुरावा तुमचा की माझा? हुकूम राजाचाच चालला ना?

तिरकी रेघ
चालवावा लागला. म्हणजे झोंबलं.

कणसूर
तुमचं चालू द्या. धागाकर्ते, आधी लुलीचा 'आतिस' ऐका, संगीतसंचालक विल्यम क्रिस्टींनी १९८७मध्ये पुन्हा उभा केलेला. तिसऱ्या अंकातला निद्रेचा प्रवेश: बासऱ्या अशा संथ झुलत राहतात की आपल्याच पापण्या जडावतात.

उंटावरचा शहाणा
ऐकला, दोनदा. कावर्ट मागवलंय. खर्जातलेबुवा, रागावू नका.

खर्जातला
राग कसला! माझी इशरवुडची प्रत वाचायला पाठवतो. समासात पेन्सिलीने घातलेल्या शिव्या तेवढ्या दुर्लक्षित करा.