पगार मोठा होता, हक्क नव्हता

"बेसबॉल खेळाडूंना एवढे पैसे मिळतात, मग संप कशाला?" असं कुणीतरी विचारलंय. मला हे अजिबात पटत नाही. १९६९ मध्ये अमेरिकन बेसबॉलपटू कर्ट फ्लडला वर्षाला ९०,००० डॉलर मिळत होते. तरी सेंट लुईस कार्डिनल्स या त्याच्या संघाने त्याला न विचारता फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन टाकलं. करार संपला तरी खेळाडू मालकाच्याच दावणीला, असा तेव्हाचा नियम! त्याने बेसबॉल लीगचे प्रमुख, म्हणजे कमिशनर, बोवी कून यांना पत्रात ठणकावलं की, मी खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही. या नियमाविरुद्धचा खटला १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तो ५-३ असा हरला, कारकीर्दही गेली. १९७५ मध्ये लवादाने मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा कुठे करार संपल्यावर दुसऱ्या संघात जायचं दार उघडलं. १९९४ चा बेसबॉल खेळाडूंचा संपसुद्धा मालकांना पगारावर मर्यादा घालायची होती म्हणूनच झाला. याला हाव कशी म्हणायची?